कोण काय लिहायचा: ‘नीस’ शब्दांच्या प्रकल्प नोंदी

14 जून

काम ठरलं, ते लिहून ठेवते. ज्यांच्या शेवटी ‘नीस’ किंवा ‘णीस’ येतं असे जुने मराठी शब्द एका वहीत आणायचे आणि त्यांची छोटी पुस्तिका करायची. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, जमेनीस, खासनीस. आडनावं म्हणून हे शब्द बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कुठेही दारावरच्या पाटीवर वाचायला मिळतात. हुद्दे म्हणून मात्र ते बोलण्यातून गेले. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात यातल्या काही आडनावांची मुलं आहेत. शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. घरी आजी असेल तर मराठी टिकून. फडणीस म्हणजे कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "ताई, ते तर सरनेम आहे."

पुस्तिका या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. एक अट आजच घालून घेते. कुठल्याही शब्दापुढे नुसतं ‘लेखनिक’ लिहून पुढे जायचं नाही. लेखनिक तर हे सगळेच होते. कोण काय लिहायचा आणि त्याने लिहिलेलं कोण तपासायचा, हे प्रत्येक नोंदीत आलं पाहिजे. माझा दिवस हिशेबाच्या वह्यांत जातो. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिणारा एक आणि ताळा घेणारा दुसरा का लागतो, हे मला रोज दिसतं. कोशांमधून नेमकं तेच गळून पडतं.

16 जून

पहिला अडसर कोशांच्या मांडणीचा. कोश अकारविल्हे लावतात ते शब्दाच्या तोंडाकडून, आणि आपल्याला हवा शब्दाचा शेवट. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग 1932 ते 1938 या काळात निघाले. त्यात फडणीस एका विभागात, चिटणीस दुसऱ्यात, सबनीस तिसऱ्यात. एका कुळातले शब्द, पण कोशात एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे, दोन्ही संगणकावर शोधता येतील असे ठेवले आहेत. माझा भाचा सोहम संध्याकाळी येऊन बसला. त्याने शब्दांची यादी घेतली आणि प्रत्येक शब्द शेवटाकडून उलटा लावला: ‘फडणीस’चा आधी स, मग दीर्घ वेलांटी, मग ण, मग ड. अशा उलट्या शब्दांची अकारविल्हे लावली की सारख्या शेवटाचे सगळे आपोआप शेजारी येतात. "मावशी, बघ, तुझे नीस सगळे एका रांगेत उभे."

रांगेत दोन पाहुणे मध्येच शिरलेले: एकोणीस आणि कणीस. सोहमला ते काढून टाकायचे होते. मी ठेवायला सांगितले. एकोणीस हा ‘एकोनविंशति’वरून आलेला, म्हणजे एकाने उणे वीस. कणीस हा संस्कृत ‘कणिश’. दोघांचा लिहिण्याशी काडीचा संबंध नाही. पुस्तिकेत एक पान ‘दिसायला सारखे, नात्याने नाहीत’ अशा मथळ्याचं असणारच. अक्षरांची जुळणी सारखी दिसली की कूळही एकच मानायचं, ही सवय लहानपणीच मोडलेली बरी.

19 जून

मूळ शब्द फारसी ‘नवीस’. ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे आणि नवीस म्हणजे लिहिणारा. तो स्वतंत्र शब्द म्हणून मराठीत फारसा आला नाही. दुसऱ्या शब्दाला चिकटूनच आला. पुढे ‘व’ झिजला आणि ‘नीस’ उरलं. ‘फडनवीस’ हे रूप नागपूरकडे अजून पूर्ण ऐकू येतं, आपल्याकडे फडणीस.

फारसीच्या बाबतीत आधार घ्यायचा तो माधव त्रिंबक पटवर्धनांचा. कवी म्हणून त्यांना माधव जूलियन या नावाने सगळे ओळखतात. फारसीचे प्राध्यापक म्हणून आणि 1925 च्या ‘फार्सी-मराठी कोशा’चे कर्ते म्हणून कमी लोक ओळखतात. जन्म 1894 चा, आणि तोही बडोद्याचा. याच माणसाने नंतर भाषाशुद्धीची बाजू हिरिरीने मांडली, मराठीतले परके शब्द काढावेत म्हणून ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मला यात विसंगती वाटत नाही. जे शब्द जावेत असं वाटत होतं त्यांची आधी एकेक करून नीट नोंद घेतली, अर्थ लावले, मग मत मांडलं. क्रम असाच असायला हवा. पुस्तिकेत त्यांच्यावर अर्धं पान हवंच. बडोद्याच्या मुलांना हे नाव माहीत नसणं मला चालणार नाही.

21 जून

यादी समोर ठेवून बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. फडणीस, चिटणीस यांत ‘ण’ आहे. पोतनीस, सबनीस, पारसनीस, वाकनीस यांत ‘न’. कारण शेजारी दिसतं. ‘ड’ आणि ‘ट’ म्हणताना जीभ टाळूकडे वळते, ती तशीच वळलेली राहून पुढचा ‘न’सुद्धा ‘ण’ होऊन बाहेर पडतो. त, ब, स, क यांच्यापुढे असं होत नाही. कोटणीस आणि गडणीस ही आडनावंही याच ओळीत बसतात, जरी काही घरं ती ‘न’ने लिहितात. फारसी शेवट, पण तो मराठी तोंडात मराठी उच्चाराच्या नियमाने वागला.

‘कारखानीस’चं आणखी गंमतीचं. कारखाना अधिक नवीस. जुन्या कागदांत ‘कारखाननीस’ असं दोन न असलेलं रूपही येतं. दोन न लागोपाठ म्हणायचा कंटाळा, म्हणून एक गेला, आणि उरलेल्या एका न वर आता दोन्ही शब्दांचा हक्क. हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवायचं.

24 जून

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले होते. 1910 साली महाराजा सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून हे काम उभं करून घेतलं. आतली पुस्तकांची मांडणी लोखंडी आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे खालच्या मजल्यावर वरून उजेड उतरतो. ‘फार्सी-मराठी कोश’ मागवला. ‘नवीस’ आणि ‘फर्द’ या दोन नोंदी उतरून घेतल्या. टेबलाशी शेजारी स्पर्धा परीक्षेची मुलं. त्यांतल्या एकीने विचारलं, "बेन, आ कई भाषा छे?" सांगितलं, मराठीतली फारसी. ती म्हणाली, आमच्या गुजरातीतही हे शब्द आहेत. आहेतच. हे पुढे वेगळं लिहायला हवं.

28 जून

आज दिवसभर फडणीस.

‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव, यादीचा सुटा कागद. फर्दनवीस तो फडणीस. आपल्याकडे ‘फड’ हा शब्द कचेरीच्या अर्थानेही रुळला. पेशव्यांच्या पुण्यातल्या हुजूर दप्तरात ‘फड’ हे चालत्या दप्तराचं एक अंगच होतं. बेहडा (जमाखर्चाचे अंदाज) आणि सरंजाम (जहागिरींचे कागद) ही त्या दप्तराची दुसरी अंगं. पण उसाचा फड, तमाशाचा फड हे या नोंदीत आणायचे नाहीत, नाहीतर वाचणारा भलत्याच शेतात शिरेल.

नाना फडणीस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मुत्सद्दी येतो. मूळ नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू, घराणं श्रीवर्धनचं. जन्म 1742, मृत्यू 1800. आजोबांच्या वेळेपासून फडणिशी घराण्यात आली आणि ‘भानू’ मागे पडलं. हुद्द्याचं आडनाव कसं होतं याला यापेक्षा ठसठशीत उदाहरण नको.

पण पुस्तिकेत मला नानांपेक्षा तालुक्याच्या कचेरीतला साधा फडणीस हवाय. मामलेदाराच्या हाताखालचा. त्याचं काम काय? समोर आलेल्या प्रत्येक हुकमावर, दस्तावर तारीख घालणं. रोजचा हिशेब लिहिणं. पैशाची थैली बंद झाली की तिला चिठ्ठी बांधणं. दप्तरदार मग फडणिसाच्या रोजच्या हिशेबावरून नीट खातेवार हिशेब तयार करायचा आणि दरमहा गोषवारा वर पाठवायचा.

तारीख घालणं हे काम किती मोठं आहे! ज्याने कधी मार्चअखेर पाहिली आहे त्याला विचारा. बिल खरं, रक्कम खरी, सही खरी, आणि तारीख मागची टाकलेली: सगळा खेळ तिथे होतो. तारीख टाकण्याचा हक्क हुकूम देणाऱ्याकडे न ठेवता दुसऱ्याच्या लेखणीला देणं, ही त्या व्यवस्थेतली मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

29 जून

आज राष्ट्रीय सांख्यिकी दिन, प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस (1893). ऑफिसच्या फळ्यावर नाव पाहिलं आणि जागच्या जागी थबकले. महाल अधिक नवीस! बंगालीत ‘नवीस’चा उच्चार ‘नोबिश’ होतो. महालाचा, म्हणजे वसुली विभागाचा हिशेब लिहिणारा तो महालनवीस. त्या घराण्यातल्या माणसाने 1931 मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि पुढे देशाच्या नमुना पाहणीची घडी बसवली. बंगालीत उमेदवारी करणाऱ्या शिकाऊ माणसाला आजही ‘शिक्षानबिश’ म्हणतात.

आपल्या फडणिसांचा हा बंगाली भाऊबंद पुस्तिकेत येणार. सोहमच्या शोधात तो सापडला नसता, कारण तिथे स चा श झालेला आणि व चा ब.

2 जुलै

या प्रकल्पाचा कणा आज सापडला असं मानते.

पेशवाईत मोठ्या सुभ्याच्या किंवा मामलतीच्या कारभारात आठ दरकदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार (मौल्यवान वस्तू सांभाळणारा), पोतनीस. आठांत पाच ‘नीस’. म्हणजे आपली यादी ही इकडून-तिकडून गोळा केलेल्या आडनावांची मोळी नाही. तो एका कचेरीचा पट आहे.

आणि हे दरकदार मामलेदाराचे नोकर नव्हते. दरक हा वंशपरंपरेचा हक्क. मामलेदार बदलून जाई, दरकदार तिथेच असे, आणि मामलेदाराला मनात आलं म्हणून त्याला काढता येत नसे. मामलेदाराच्या पत्रांवर आणि हुकमांवर दिवाणाची निशाणी लागे. मुजुमदार हिशेब तपासून देई, मगच ते फडणिसाकडे जात. फडणीस तारीख घाली. चिटणीस पत्रं लिही आणि आलेल्या पत्रांना उत्तरं देई. पोतनीस जमा किती, शिल्लक किती, ते लिही. एकट्याच्या लेखणीने काहीच पुरं होत नसे.

वंशपरंपरेमुळे यात दोषही शिरले. बाप हुशार म्हणून मुलगा हुशार असतोच असं नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात दप्तर राहिलं की त्यातली माहिती घरची मालमत्ता होऊन बसते. हे पुस्तिकेत झाकायचं नाही. पण मामलेदाराने खोटा खर्च दाखवला तर तो लपवायला त्याला किती जणांना सामील करून घ्यावं लागेल, हे मोजा म्हणजे व्यवस्थेची ताकद कळते.

आता पुस्तिकेची मांडणी अकारविल्हे ठेवायची नाही. एक कागद कचेरीत शिरतो आणि बाहेर पडतो, त्या वाटेवर जो जो भेटतो त्या क्रमाने शब्द येतील.

5 जुलै

पोतनीस आणि पोतदार यांत गोंधळ नको. पोतनीस शिल्लक लिहितो. पोतदार नाणं पारखतो. त्या काळी बाजारात नाना टाकसाळींचे रुपये फिरत, खरं-खोटं आणि बट्टा ठरवणारा माणूस लागायचाच. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात नाणं. दोघांतलं ‘पोत’ एकच, खजिन्याचं.

9 जुलै

गडावरचे दोन: सबनीस आणि कारखानीस.

कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सबनीस, सरनौबत असे बरोबरीचे कारभारी, आणि धान्य-सामानाच्या हिशेबाला कारखानीस. सबनिसाकडे हजेरीचे आणि जमाखर्चाचे कागद. कारखानिसाकडे कोठारं: धान्य, दारूगोळा, इतर सामान, आलेलं-गेलेलं. एकट्याच्या हातात गड द्यायचा नाही. एकजण फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

म्हणजे 2 जुलैला कचेरीबद्दल जे लिहिलं, त्याची गडावरची आवृत्ती इथे आहे, आणि ती शंभर वर्षं आधीची. कचेरीत लेखण्यांच्या या वाटणीने पैसा वाचायचा, गडावर माणसं वाचायची.

सबनीस म्हणजे ‘सब लिहिणारा’ असं सांगणारा एक मजकूर फोनवर फिरतोय. हिंदी ‘सब’ इथे आणायचं काही कारण नाही. या नोंदीत व्युत्पत्तीला जागा देत नाही. सबनिसाने काय केलं त्याला देते.

10 जुलै

पारसनीस: फारसीनवीस. फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. दत्तात्रय बळवंत पारसनीस (1870 ते 1926) यांनी साताऱ्याला ऐतिहासिक कागदांचा आणि चित्रांचा केवढा संग्रह उभा केला! ‘इतिहाससंग्रह’ त्यांनीच चालवला. आडनावाला जागले असं त्यांच्याबद्दल खुशाल म्हणता येईल. जमेनीस: जमेचा, जमीनमहसुलाचा हिशेब. पागनीस: पागेचा. हशमनीस: हशमांचा, म्हणजे पायदळाच्या शिबंदीचा. खासनीस: खासगीचा. या शेवटच्या चार नोंदी लहानच राहतील आणि राहू देत.

13 जुलै

वसुधाताईंकडे मोडी. त्या मोडी शिकवतात. त्यांच्याकडे जुन्या कागदांच्या छायाप्रती आहेत आणि आमच्याच पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका काकांनी घरातला एक मूळ कागद त्यांना वाचायला दिला होता. हाताच्या वीतभर रुंदीचा, लांबच लांब ताव, घडीवर फाटत आलेला. ताईंनी टेबलावर आधी धुतलेलं पांढरं कापड अंथरलं, मग कागद उलगडला.

मोडीत आधी शिरोरेषा ओढतात, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्दांच्या मध्ये जागा नाही. बोरू उचलायचा नाही म्हणून अक्षरं एकमेकांत वळत जातात. ताईंनी बोट न लावता काडीने दाखवलं: ओळ संपते तिथे ‘पोत’, आणि पुढची ओळ सुरू होते ‘नीस’ने. शब्द मध्येच तुटला याचं लिहिणाऱ्याला काही नाही. ओळ भरली, खाली आला.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच मोडी पाळत नाही, वेलांटी एकच. ‘निस’ की ‘नीस’ हा वाद देवनागरी छापखान्याने आणला.

"तुमचा संगणक इथे काय शोधणार?" ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. इथे डोळ्याला शब्द माहीत असेल तरच तो दिसतो. मोडी वाचणारे शब्दाचा अंदाज घेतच पुढे सरकतात, आणि म्हणून हुद्द्यांची यादी पाठ असणं हे मोडी शिकणाऱ्याच्या कामाचं आहे. पुस्तिकेचा हा एक उपयोग माझ्या डोक्यातही नव्हता.

कागदाच्या वरच्या भागात तारीख: आधी ‘छ’, मग आकडा, मग मुसलमानी महिना. छ म्हणजे चंद्र, चांद्र तिथीची खूण. ताईंनी मग छायाप्रतींतून शेवटचा भाग दाखवला. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा. पेशव्यांच्या कागदांवर ‘लेखनसीमा’. मजकूर इथे संपला, याखाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. एका टोकाला तारीख आणि दुसऱ्या टोकाला मोर्तब. मध्ये कुणाला काही घुसवता येऊ नये म्हणून कागद दोन्हीकडून बंद केलेला. या दोन्ही टोकांची चित्रं पुस्तिकेत मोठी छापायची. काकांनी त्यांच्या कागदाचा फोटो वापरायला आनंदाने होकार दिला, फक्त घरातल्यांची नावं झाकायला सांगितली.

17 जुलै

जे शब्द मुद्दाम बदलले गेले ते आज घेतले.

1674 मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा मुख्य हुद्द्यांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, परराज्यांचा व्यवहार पाहणाऱ्या डबीराचा सुमंत, राजपत्रं तपासणाऱ्या सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. अण्णाजी दत्तो सचिव, दत्ताजी त्रिंबक मंत्री. याच सुमारास रघुनाथ पंडितांनी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राजव्यवहारकोश’ रचला: दहा वर्ग, कारभारातले सुमारे 1400 शब्द, त्यांना संस्कृत पर्याय, आणि तेही श्लोकांत.

वाकनीस शब्दातला ‘वाकिआ’ म्हणजे घटना. मोगलांकडे वाकिआनवीस प्रांतातल्या बातम्या दरबाराला लिहून पाठवायचे. गुप्तपणे लिहिणारा खुफियानवीस वेगळा. आपल्याकडे वाकनिसाच्या हाती राजाची दिनचर्या, भेटीला येणाऱ्यांची बोलावणी, अगदी जेवणाखाण्याची देखरेखही. राजाच्या ताटापर्यंत पोचणारा माणूस, म्हणून किती विश्वासाचा असेल!

वाकनीस आणि सुरनीस मागे पडले. पण फडणीस, चिटणीस, सबनीस पेशवाई संपेपर्यंत चालले. वरच्या आसनांची नावं आज्ञेने बदलता येतात. रोज शंभर कागद ज्याच्या हातून जातात त्याला मात्र लोक ज्या नावाने हाक मारतात तेच नाव राहतं.

बडोद्याने हा विषय पुन्हा हाती घेतला तो अडीचशे वर्षांनी. 1931 मध्ये सयाजीरावांच्या राज्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला: कारभारातले शब्द आठ भाषांत. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. एका संस्थानाने आपल्या कचेऱ्यांसाठी एवढा व्याप करावा! राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती, जुने दप्तर मोडीत, नवे कायदे इंग्रजी वळणाचे. अशा ठिकाणी शब्द चुकला की हुकूम चुकतो, हे त्यांना रोजच्या कामात दिसत असणार. हे पान पुस्तिकेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना पसरून.

22 जुलै

कोठी कचेरीत दाखल्याच्या कामाला गेले होते. जिन्याजवळच्या पाटीवर गुजरातीत लिहिलेलं: चिटनीश. आज चालू असलेला हुद्दा! गुजरातेत जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत चिटनीश असतो, जिल्हा पंचायतीत चिटनीश शाखा असते. महाराष्ट्रातही जिल्हाधिकारी कार्यालयात चिटणीस आहे, आणि राजकीय पक्षांचे सरचिटणीस तर रोज बातम्यांत. चिट्ठी लिहिणारा एवढाच मूळ अर्थ, पण पाचांतला हाच एक नोकरीत टिकला. बाकीचे चौघे फक्त दारावरच्या पाट्यांवर.

ग्रंथालयातली ती मुलगी आठवली. चिटनीशच्या नोंदीखाली दोन ओळी गुजराती लिपीतही द्यायच्या, म्हणजे शेजारच्या मुलांनाही वाचता येईल.

27 जुलै

मंडळाची बैठक. सभासद आपाकाकांची सूचना: प्रत्येक आडनावाखाली घराण्याचं गाव, जात, कुलदैवत द्यावं, लोक आवडीने घेतील. मी विरोध केला आणि पटवूनही दिलं. हुद्दा कामाचा होता. एकाच हुद्द्याची घराणी निरनिराळ्या ज्ञातींत आणि गावांत आहेत. शिवाय वर्गात ज्या मुलांचं आडनाव मोरे, परमार किंवा शेख आहे, त्यांनी हे पुस्तक परक्याचं म्हणून बाजूला का ठेवावं? शेखच्या आजोबांची फारसी तर या शब्दांच्या मुळाशी आहे. आपाकाकांनी शेवटी मान डोलावली, "बरोबर आहे तुझं, कामच लिही."

छपाईचा खर्च मंडळ अर्धा देणार. उरलेल्यासाठी कुणाची जाहिरात नको असं ठरलं.

3 ऑगस्ट

रविवारच्या वर्गात कच्च्या प्रतीवरून प्रयोग केला. पाच मुलं बाकांवर ओळीने बसवली: मुजुमदार, फडणीस, चिटणीस, कारखानीस, पोतनीस. सोहम मामलेदार. मी गावाहून वसूल घेऊन आलेला पाटील. थैलीत बिस्किटांचे पुडे, रुपयांच्या जागी. प्रत्येकाकडे एक कागद आणि एकच गोष्ट लिहायची परवानगी.

पहिल्या फेरीत भलताच वेळ गेला, कारण सगळ्यांना सगळंच लिहायचं होतं. दुसऱ्या फेरीत जमलं. तिसऱ्या फेरीत मी सोहमच्या कानात सांगितलं की दोन पुडे काढून घे आणि हुकूम घाईने पुढे सरकव. त्याने काढले. पोतनीस झालेल्या मुलाच्या वहीत शिल्लक नऊ, थैलीत सात. तो बावरला. फडणीस झालेली परमारांची मुलगी मात्र ठाम. तारखेची चिठ्ठी हातात धरून म्हणाली, "आधी नऊ दाखवा. मी तारीख घालणार नाही." सोहमने मामलेदार असल्याचा धाक दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही मला काढू नाही शकत. ताईंनी सांगितलंय, दरक आहे." मराठी जरा गुजराती वळणाचं, पण मुद्दा चोख.

या खेळाचे नियम पुस्तिकेच्या शेवटी दोन पानांत टाकायचे. कागद, पुडे, पाच जणांची पाळी, एवढं पुरे. सबनिसाला या खेळात जागा नाही. त्याच्यासाठी गडाचा वेगळा खेळ बसवायला हवा, किल्लीसकट. वसुधाताईंना विचारते.

5 ऑगस्ट

मुद्रितं आली. पान 6 वर ‘कारखानीस’च्या जागी ‘कारखानदार’ पडलंय, ते दुरुस्तीला दिलं. एकोणीस आणि कणीस यांच्या पानावर चित्रकाराने कणसाला पगडी घातली आहे, राहू दे. तारखेचा ‘छ’ मात्र फार लहान छापलाय, तो दुप्पट करायला सांगितला. सोहम आता ‘खाना’ने संपणारे शब्द उलटे लावून बसलाय. इथल्या धान्यबाजाराला हाथीखाना का म्हणतात हे त्याला हवंय. जामदारखाना, फरासखाना, शिलेखाना, मुदपाकखाना अशी यादी सुरू झाली आहे. तिची वही वेगळी.